गुरुवारची संध्याकाळ राखणारे डॉक्टर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात मी सोलापूरच्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात तीस वर्षे काम केलेल्या एका दिवंगत डॉक्टरांविषयी लिहिले होते. कुटुंबीयांच्या इच्छेला मान देऊन तेव्हा त्यांचे नाव छापले नव्हते आणि आजही छापत नाही. ज्यांना ओळख पटायची होती त्यांना ती पटली, हे आलेल्या पत्रांवरून दिसतेच. मी स्वतः अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली काम केले असल्यामुळे माझ्या तोंडी त्यांच्यासाठी ‘सर’ हाच शब्द येतो आणि तो तसाच ठेवते. पत्रे पुष्कळ आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : आपल्या लेखात सरांची पदवी साधी एमबीबीएस अशी दिली आहे, तरीही आपण त्यांना आपत्कालीन वैद्यकाचे जाणकार म्हटले आहे. ते कसे? आणि त्यांच्याकडून नेमके काय शिकायला मिळाले? — वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी, बार्शी

शंका रास्त आहे. सर रुजू झाले तेव्हा हा विषय आपल्याकडे पदव्यांच्या यादीतच नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरांनी पुढच्या प्रवेशाची वाट पाहत काही महिने काढायची जागा, असाच सर्वसाधारण समज होता. केसपेपर लिहावा, सलाईन लावावे आणि रुग्णाला त्या त्या वॉर्डाकडे धाडून द्यावे, यापलीकडे कोणाची अपेक्षा नसे. सर तिथेच राहिले. रुग्ण दारात आल्यापासूनच्या पहिल्या तासात जे होते त्यावरच पुढच्या वॉर्डाला काय करता येईल हे ठरते, आणि नेमका तोच तास सर्वांत कमी अनुभवाच्या माणसाच्या हाती देणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

तुम्हाला आज लाल (आधी धावायचे), पिवळा (थोडा थांबू शकतो), हिरवा (किरकोळ) आणि काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नाही) या रंगांनी रुग्णांची वर्गवारी शिकवतात. आमच्याकडे ती चिंध्यांवर आली. पुणे-हैदराबाद महामार्गावर उलटलेल्या गाडीतील जखमी एकदम येऊन पडले की ओळीने लावलेल्या स्ट्रेचरांमध्ये कोणाकडे आधी धावायचे ते कळेनासे होई. म्हणून सरांनी एका ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातून टॉवेलच्या रंगीत काठांच्या पट्ट्या मागून आणल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या आणि दारातच स्ट्रेचरच्या दांडीला योग्य रंगाची पट्टी बांधायला आमच्या वॉर्डातील मामांना शिकवले. आरडाओरडा करणारा बहुतेक वेळा पिवळ्या पट्टीचा असतो आणि निपचित पडलेला लाल पट्टीचा, हे त्या मामांच्या लक्षात आम्हा डॉक्टरांच्या आधी आले.

शिकण्यासारखे म्हणाल, तर पावसाळ्यातले एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूर अशा भागांतून सर्पदंशाचे रुग्ण येत आणि साप कोणता होता हे नातेवाइकांना खात्रीने सांगता येत नसे. सर शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून ते कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालत आणि नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवत. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही. वीस मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने ते गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. रक्त गोठले म्हणून धोका टळला असे मात्र होत नाही, कारण नागाचे आणि मण्याराचे विष मज्जासंस्थेवर चालते. त्यामुळे त्या वीस मिनिटांत सर स्टूल ओढून रुग्णाच्या उशाशी बसत आणि त्याच्या पापण्यांकडे पाहत राहत. पापणी जड होऊन उतरू लागली आहे, हे त्यांना आमच्या आधी दिसे. सगळा विभाग धावत असताना वीस मिनिटे एका जागी बसून पाहत राहणे किती अवघड असते, हे तुम्ही इंटर्नशिपला लागलात की तुम्हाला कळेल.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सोलापूरचीच आहे. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा दवाखान्याच्या एकाच बाकावर ऐकू येतात. ‘एल्लि नोवु’, ‘एक्कड नोप्पि’, ‘किधर दुखता’ हे प्रश्न सर्वच डॉक्टर शिकून घेतात. सरांनी त्याबरोबर मृत्यूचा शब्दही शिकून घेतला होता. नातेवाइकांना बातमी सांगताना मध्ये दुभाषा असला, तर तो ओशाळून ‘अजून प्रयत्न चालू आहेत’ असे काहीतरी बोलतो आणि पुढचा तासभर ते कुटुंब खोट्या आशेवर उभे राहते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. म्हणून ते घरच्यांना आधी बाकावर बसवत, स्वतः समोर बसत आणि ‘वारले’, ‘तीरिहोदरु’ किंवा ‘चनिपोयारु’ हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारत. त्यानंतर ते गप्प बसत, पण लगेच उठून जात नसत.

प्रश्न : सुमारे वीस वर्षांपूर्वी रस्त्यात पडलेल्या एका मोटारसायकलस्वाराला मी माझ्या टेम्पोत घालून दवाखान्यात आणले होते. पोलिसांच्या भीतीने पळून जाण्याच्या बेतात होतो. डॉक्टरांनी मला चहा पाजला आणि नाव न लिहिता घरी जाऊ दिले. तुमचा लेख वाचला तेव्हा ते हेच डॉक्टर असे कळले. त्यांनी माझ्यासाठी नियम मोडला होता काय? — एक शेतकरी, मोहोळ तालुका

मी त्याला नियम मोडणे म्हणणार नाही. जखमीवर आधी उपचार आणि कागदोपत्री कारवाई नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले होते आणि त्या निकालाचे कात्रण सरांच्या टेबलाच्या काचेखाली कायम असे. आणणाऱ्या माणसाला मात्र तेव्हा असे स्पष्ट संरक्षण नव्हते. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णाच्या नोंदीत ‘आणणारी व्यक्ती’ या रकान्यात सर अनेकदा ‘वाटसरू’ एवढाच शब्द लिहीत. पोलिसांनी त्याबद्दल विचारले, तर ते म्हणत की आज याला चार तास बसवून ठेवले, तर उद्या रस्त्यात पडलेल्या दुसऱ्या कोणासाठी हा गाडी थांबवणार नाही.

पुढे मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आता स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आपल्या राज्यात आहे. तुमचे पत्र मी सरांच्या घरी पोहोचवले आहे. तो मोटारसायकलस्वार जगला का, हे तुम्ही पत्रात विचारलेले नाही, तरी तो प्रश्न तुमच्या मनात असणार. सरांच्या वह्यांत रुग्णांची नावे नसत, त्यामुळे त्याचे उत्तर मला देता येत नाही, याचे वाईट वाटते.

प्रश्न : डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाचा व्यवसाय सोडून १९६९ पासून स्वतःला रंगभूमीला वाहून घेतले. आपण वर्णन करता तसा सरांचा हात पेटीवर होता, तर त्यांनी कलेसाठी डॉक्टरकी का सोडली नाही? — पंढरपूर

सर साथीचे वादक होते आणि त्यांना तेच व्हायचे होते. एकल वादनाला ते कधीही बसले नाहीत. गायकाच्या किंचित मागून जायचे, त्याने श्वास घेतला त्या जागी सूर धरून ठेवायचा आणि त्याने घेतलेली विश्रांती आपल्या बोटांनी भरून टाकायची नाही, ही साथीची शिस्त त्यांच्या अंगात होती. असामान्य वादक होते असे मी म्हणणार नाही. त्यांनाही ते आवडले नसते. परंतु सोलापुरात भजनाला किंवा नाट्यसंगीताच्या घरगुती बैठकीला गाणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सरांच्या साथीने अधिक बरे गातो असे वाटे, आणि ते खरेही होते.

प्रश्न : माझे पती एका अपघात विभागात डॉक्टर आहेत. घरी आले की बोलत नाहीत, मुलांकडे पाहतात पण त्यांचे लक्ष नसते. तुमच्या लेखातील डॉक्टरांना कुटुंबासाठी आणि संगीतासाठी वेळ कसा उरत होता? — जुळे सोलापूर

वेळ उरत नव्हता. माझ्या लेखाने तसा समज झाला असेल, तर चूक माझी आहे आणि ती दुरुस्त करण्यासाठीच हे उत्तर थोडे सविस्तर लिहिते.

पहिली आठ-दहा वर्षे सरांचे घरही तुम्ही लिहिता तसेच होते. हे मला वहिनींनी स्वतः सांगितले आहे आणि येथे लिहिण्याची परवानगीही दिली आहे. सर येत, जेवत आणि झोपत. पेटी पलंगाखाली असे आणि तिच्या खोक्यावर धूळ असे. वहिनी शाळेत शिकवत, सासूबाईंचे दुखणेखुपणे पाहत आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पतीच्या पाळ्या लिहून ठेवत: सकाळी ‘स’, दुपारी ‘दु’, रात्री ‘रा’. एका महिन्याच्या अखेरीस त्यांनी ते पान भिंतीवरून काढून सरांच्या ताटाशेजारी ठेवले. त्यावर एकही चौकोन कोरा नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. सरांनी ते पान घडी करून खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी पाळ्या लावणाऱ्या वरिष्ठांसमोर नेऊन ठेवले.

त्यातून जे ठरले ते पुढे वीस वर्षे टिकले. शनिवारची रात्र कोणालाच नको असे, कारण दारू पिऊन झालेल्या मारामाऱ्या आणि महामार्गावरचे अपघात त्या रात्री सर्वाधिक येत. सरांनी महिन्यातल्या सगळ्या शनिवारच्या रात्री स्वतःकडे घेतल्या आणि त्याच्या बदल्यात प्रत्येक गुरुवारची संध्याकाळ मागून घेतली. ही संध्याकाळ त्यांनी मागितली ती थकवा घालवण्यासाठी नव्हे. त्यांनी तिलाही पाळी मानले. आमच्या ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये गुरुवारी त्यांच्या नावापुढे ते स्वतःच्या हाताने ‘घर’ असे लिहीत आणि सही करत. एकदा साडेपाच वाजता मी त्यांना एका अवघड रुग्णासाठी थांबा म्हणाले. त्यांनी तो रुग्ण माझ्याबरोबर पूर्ण तपासला, पुढे काय करायचे ते सांगितले, माझ्यावर विश्वास आहे असे म्हणाले आणि सहा वाजता निघून गेले. मला तेव्हा राग आला होता. तो रुग्ण मी सांभाळला, आणि सर थांबले असते, तर मी तो कधी सांभाळायला शिकले नसते, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

त्या संध्याकाळी साडेसहाला दार उघडे असे. गल्लीतील चार-पाच मंडळी येत, कोणी भजन म्हणे, कोणी एखादे जुने नाट्यपद, आणि मुले सतरंजीच्या कडेला अभ्यासाचे सोंग करत बसलेली असत. त्यांची मुलगी भूप आणि देशकार या रागांतला फरक तिथेच बसून ओळखायला शिकली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा गर्दीमुळे सरांना तिन्ही दिवस ड्यूटी असे. गर्दी ओसरल्यावर गड्ड्याच्या, म्हणजे त्या यात्रेतल्या जत्रेच्या, उरलेल्या दिवसांतली एक संध्याकाळ ठरवून ते मुलांना होम मैदानावर पाळण्यात बसवायला नेत. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक असले की ते नेहमी रांगेच्या टोकाची खुर्ची घेत, म्हणजे बोलावणे आले तर कोणाला उठवावे लागू नये. तरीही अर्धे नाटक सोडून जावे लागल्याचे प्रसंग थोडे नाहीत. उरलेले अर्धे वहिनी आणि मुले त्यांना नंतर सांगत.

सोलापुरात डॉक्टरांचा त्याग म्हटला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव येतेच. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. सरांना त्यांच्याविषयी अतोनात आदर होता. परंतु आम्ही तरुण डॉक्टर त्या त्यागाविषयी भारावून बोलू लागलो की ते आठवण करून देत की कोटणीस गेले तेव्हा त्यांचा मुलगा यिनहुआ काही महिन्यांचा होता. “ते युद्ध होते. आपल्याकडे युद्ध नाही, फक्त पाळ्या नीट लावलेल्या नाहीत,” असे ते म्हणत. या वाक्याशी मी आजही पूर्ण सहमत आहे, आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापनात असलेल्या वाचकांनी ते वाक्य मनावर घ्यावे अशी माझी इच्छा आहे.

आता तुमच्या पतींविषयी. ‘आज काय झाले?’ असे दारातच विचारू नका. सरांच्या घरी एक रीत होती. ते आले की आंघोळ, मग चहा, आणि चहा संपेपर्यंत कोणी काही विचारायचे नाही. त्यानंतर मुलांना ते दिवसातली एकच गोष्ट सांगत, नाव-गाव वगळून, आणि पुष्कळदा ती मृत्यूची नसून कोणाच्या तरी डब्यातल्या शेंगाचटणीची असे. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, पण ती ठरवून घ्या आणि त्यासाठी पाळ्यांचे पान दोघांनी समोर घेऊन बसा. एवढे करूनही झोप उडालेली असेल, चिडचिड वाढली असेल, दारूकडे कल जात असेल किंवा ‘काही अर्थ नाही’ असे शब्द त्यांच्या तोंडून येत असतील, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांना स्वतःसाठी असा फोन करणे फार जड जाते. पहिला फोन तुम्ही करा.

एक गोष्ट सरांनी मला निवृत्तीनंतर सांगितली. त्या पहिल्या आठ-दहा वर्षांत मोठा मुलगा कधी चालायला लागला, कधी सायकल शिकला, हे त्यांना आठवतच नव्हते, आणि पुढची वीस वर्षे नीट वागूनही ती जागा भरली नाही.

प्रश्न : प्रिय मावशी, पुढच्या महिन्यात बाबांचे वर्षश्राद्ध आहे. दादाला स्मरणिका काढायची आहे. बाबांनी ईसीजीच्या कागदाच्या उरलेल्या तुकड्यांवर काढलेली पेन्सिलची चित्रे, बैठकींच्या चाळीसेक कॅसेट आणि पेटी असे सगळे माझ्याकडे आहे. चित्रे लॅमिनेट करून घ्यावीत का? आणि बाबांविषयी लिहू काय? ‘देवदूत’ वगैरे शब्द लिहिताना हात अडतो. — तुमची, बाबांची लेक

बाळ, लॅमिनेशन अजिबात करू नकोस. आजच दुकानात दिली असशील, तर आजच परत आण. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. लॅमिनेशनच्या यंत्रातून गेला की तो काळा पडतो आणि चित्र कायमचे जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नकोस. सावलीत, सपाट ठेवून एकेका चित्राचा स्वच्छ फोटो काढ, मग साध्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून कपाटात ठेव. आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर तर मुळीच नको. ज्या तुकड्यांच्या पाठीमागे आलेख किंवा नाव असेल ते छापायचे नाहीत. आलेख हळूहळू पुसट होतील, पेन्सिल टिकेल. त्यांतले एक मला माहीत आहे: रात्री तीन वाजता बाकावर बसल्या बसल्या झोपलेल्या आपल्या वॉर्डातल्या आया-मावशी, पायातली एक चप्पल निसटलेली. ते नक्की छाप. त्यांच्या मुलीला आधी विचार.

कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवू नकोस. ज्याच्याकडे चांगल्या स्थितीतला प्लेयर आहे अशा माणसाकडून एकदाच, सावकाश संगणकावर उतरवून घे. बैठकीतली बोलणी आणि तुझ्या आईने आतून मारलेली हाक कापून टाकू देऊ नकोस.

लिहिण्याविषयी म्हणशील, तर हात अडतो हे बरेच आहे. दादाला रुग्णालयातून त्या रजिस्टरच्या एका पानाची रीतसर परवानगी मिळाली, इतरांची नावे झाकून, तर ते पहिल्या पानावर छापा, आणि शेजारी आईचे कालनिर्णयचे ते पान. सरांनी ते पाकिटात जपून ठेवले होते. आई म्हणते की अजून तिथेच आहे. पहिल्या वर्षांविषयी दादाला जे वाटते तेही त्याला लिहू दे. तू ते सौम्य करायला जाऊ नकोस.

पेटी मात्र बंद ठेवू नकोस. वापराविना भात्याचे कातडे कडक होते, सुरांवर गंज चढतो, आणि उंदीर लागले तर काहीच उरत नाही. तुमच्या गल्लीतला तो मुलगा अजून शिकतो ना? त्याला बोलाव. मला वाजवता येत नाही, पण भाता कुठे गळतो एवढे सरांशेजारी बसून मला ऐकू यायला लागले आहे. मी येत्या गुरुवारी साडेसहाला येते.